पाच नद्यांच्या पलीकडे: तिरुवैयारूची ओळख

तंजावर हे नाव मराठी माणसाला परकं नाही. व्यंकोजीराजांची गादी, सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास, एवढं तरी कधी ना कधी कानावरून गेलेलं असतं. या पुस्तकाचा विषय मात्र तंजावर नाही. तंजावरहून उत्तरेचा रस्ता धरला की वडवारू, वेण्णारू, वेट्टारू आणि कुडमुरुट्टी या नद्या एकीमागून एक लागतात. मग कावेरीचा पूल येतो आणि पलीकडच्या काठावर तिरुवैयारू. अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटरचं. तालुक्याचं ठिकाण, चार मोठ्या रस्त्यांनी वेढलेलं देऊळ, बाजार, बसथांबा, बँका, खतांची दुकानं आणि गाव संपतं न संपतं तोच सुरू होणारी भातखाचरं आणि केळीच्या बागा. तमिळनाडूच्या डेल्टा भागात अशी गावं पुष्कळ आहेत. त्यातलं हेच का निवडलं, ते सांगणं माझं काम आहे.

तिरुवैयारूचं नाव जगाला कळलं ते त्यागराजांमुळे. कर्नाटक संगीतातला हा सर्वश्रेष्ठ रचनाकार 1767 मध्ये तिरुवारूरला जन्मला, आयुष्यभर तिरुवैयारूत राहिला आणि 6 जानेवारी 1847 रोजी इथेच निवर्तला. दर वर्षी पौष वद्य पंचमीला त्याच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक एकत्र बसून नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतली त्याची पंचरत्नं गातात. दूरदर्शनवर तो सोहळा पाहिलेले मराठी श्रोतेही कमी नाहीत. पण या सोहळ्याचे, म्हणजे आराधनेचे, ते चार-पाच दिवस म्हणजेच तिरुवैयारू, अशी समजूत झाली आहे आणि ती गावावर अन्याय करणारी आहे. वर्षातल्या उरलेल्या दिवसांत हे गाव नांगरतं, लावणी करतं, केळीची पानं कापतं, कर्ज काढतं, सोसायटीच्या दारात उभं राहतं. या गावात गाणं पिकलं, कारण आधी भात पिकला. भात कुणी पिकवला, तो कुणाच्या कोठारात गेला आणि त्यातून कोणाला गाण्याची, शिकण्याची, देवळं बांधण्याची सवड मिळाली, हे विचारल्याशिवाय त्यागराजही पुरता कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. हे पुस्तक त्या प्रश्नासाठी लिहिलं आहे.

म्हणून सुरुवात पाण्यापासून करतो.

कावेरी कर्नाटकातून येते. तिरुचिरापल्लीच्या अलीकडे मुक्कोंबू इथे तिचे दोन फाटे होतात. उत्तरेचा कोळ्ळिडम हा पुराचं पाणी वाहून नेणारा रुंद, उतरता फाटा. दक्षिणेची ती कावेरी. पुढे कल्लणै इथे हे दोन्ही प्रवाह पुन्हा इतके जवळ येतात की कावेरीचं पाणी खालच्या पात्रात निसटून थेट समुद्राला जायचं. ते अडवायला जो दगडी बांध घातला गेला, त्याचं श्रेय परंपरा करिकाल चोळाला देते. पाण्याच्या दाबाखाली वाळूत हळूहळू रुतत जाणारे दगड आणि त्यावर पुन्हा रचलेले दगड, अशी त्याची रचना. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन या इंजिनिअरने ती पाहिली, तिच्यापासून शिकला आणि 1836 मध्ये मुक्कोंबूला कोळ्ळिडमवर नवा बंधारा उभारला. कल्लणैपासून खाली कावेरीचे फाटे पंख्यासारखे पसरतात. तिरुवैयारू त्या पंख्याच्या मुठीजवळ आहे आणि गावाची सुबत्ता या एका भौगोलिक गोष्टीत आहे. कालव्याच्या शेपटाकडे, नागपट्टिनमच्या बाजूला, पाणी उशिरा आणि थोडं पोचतं. इथे ते आधी पोचतं. खालच्या गावांचं पीक वाळलं तरी वरचं तगतं.

1934 मध्ये मेट्टूरचं धरण पुरं झालं आणि शेतीचं वेळापत्रक बदललं. त्याची साठवण सुमारे 93 टीएमसी, पूर्ण पातळी 120 फूट. 12 जून हा धरणाचे दरवाजे उघडण्याचा रूढ दिवस. डेल्टातल्या शेतकऱ्याला हा दिवस सणासारखा पाठ असतो. मेट्टूरची पातळी किती फूट झाली, ही इथे चहाच्या दुकानातली पहिली बातमी. जूनमध्ये पाणी आलं तर कुरुवै हे कमी मुदतीचं पीक घेता येतं आणि त्याच शेतात पुढे ऑक्टोबरच्या सुमाराला ताळडी. कुरुवै साधलं नाही, तर ऑगस्टपासून सांबा हे एकच लांब मुदतीचं पीक. जानेवारीत, भात अजून उभा असतानाच, चिखलात उडीद फेकतात. कापणी झाल्यावर उरलेल्या ओलीवर तो वाढतो. त्याला वेगळं पाणी लागत नाही. नदीकाठच्या उंच गाळाच्या जमिनीवर केळी, नारळ, पानमळे. पोंगलच्या आधीच्या आठवड्यात इथून केळीचे घड आणि पानांचे भारे ट्रक भरभरून जातात.

पाण्यावर हे गाव किती अवलंबून आहे, ते पाणी तुटल्यावर कळतं. कावेरीच्या वाटपाचे करार मद्रास आणि म्हैसूर यांच्यात 1892 आणि 1924 मध्ये झाले. पुढे वाद वाढत गेला, 1990 मध्ये लवाद नेमला गेला, त्याचा अंतिम निवाडा 2007 मध्ये आला आणि 16 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाने सोडायचं पाणी 177.25 टीएमसी ठरवलं. आकडा ठरला म्हणून पाऊस ठरत नाही. ज्या वर्षी कर्नाटकातच मॉन्सून हुकतो, त्या वर्षी निवाडा कागदावर राहतो. त्याच 2018 च्या ऑगस्टमध्ये उलट घडलं. पाणी उदंड आलं आणि मुक्कोंबूच्या जुन्या बंधाऱ्याचे काही दरवाजे वाहून गेले. दशकानुदशकं कोळ्ळिडमच्या पात्रातून वाळू उपसली गेली, पात्र खचत गेलं. नदीकडून किती घ्यावं याचा हिशेब गेल्या दोन पिढ्यांनी ठेवला नाही, हे स्पष्ट बोलायला हवं.

आता देऊळ. इथला देव पंचनदीश्वर, तमिळमध्ये ऐयारप्पर, आणि देवी धर्मसंवर्धिनी. सातव्या शतकात अप्पर या शैव संताने कैलासदर्शनाचा ध्यास घेतला. म्हातारपणी उत्तरेत चालत, शेवटी सरपटत गेला, तेव्हा देवाने त्याला तिथल्या तळ्यात बुडी मारायला सांगितलं आणि तो वर आला तो तिरुवैयारूच्या तळ्यात. समोर हत्ती-हत्तीण, कोंबडा-कोंबडी अशा प्राण्यांच्या जोड्या दिसल्या आणि त्यातच त्याला शिवपार्वती दिसले. कैलास गावातच आहे, असं सांगणारी ही कथा. तमिळ पंचांगातल्या आडी महिन्याच्या अमावास्येला तो प्रसंग आजही साजरा होतो. देवळाच्या आवारात उत्तर कैलास आणि दक्षिण कैलास अशी दोन वेगळी देवळं आहेत. उत्तर कैलास राजराज चोळाची राणी लोकमहादेवी हिने उभारलं. तिच्या देणग्यांचे शिलालेख तिथे आहेत. राजाच्या नावाने बांधलेलं तंजावरचं देऊळ जगाला माहीत आहे. राणीने आपल्या नावाने बांधलेलं हे देऊळ पाहायला थांबणारे थोडे.

पण या गावाची खरी रीत पाहायची तर सप्तस्थान उत्सव पाहावा. कोळ्ळिडमकाठच्या तिरुमळपाडी गावी पंगुनी महिन्यात नंदीचं लग्न लागतं. त्यानंतर चित्तिरै महिन्यात ऐयारप्पर पालखीत बसून नवरदेव नंदी आणि त्याची वधू यांना घेऊन निघतो आणि आसपासच्या गावांना भेट देतो. तिरुपळनम, तिरुच्चोट्रुत्तुरै, तिरुवेदिकुडी, तिरुक्कंडियूर, तिरुप्पून्तुरुत्ती, तिल्लैस्थानम अशी सहा गावं आणि सातवं तिरुवैयारू. प्रत्येक गावातून तिथला देव पालखीत निघून त्यात सामील होतो. वाटेत नद्यांची पात्रं ओलांडावी लागतात. उन्हाळ्यात ती कोरडी असतात, म्हणून उत्सवाचा काळही शेतीच्या रिकाम्या महिन्यांतला. सात गावांचा एकमेकांशी असलेला पाण्याचा, सोयरिकीचा, बाजाराचा संबंध या फेरीत दर वर्षी नव्याने जोडला जातो. पंढरीची वाट चाललेल्या मराठी वाचकाला याचं मोल वेगळं समजावून सांगायला नको.

आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, कावेरीला पहिलं भरतं येतं तेव्हा पुष्यमंडपाच्या घाटावर बायका नदीची ओटी भरतात. गर्भार बाईचे डोहाळे पुरवावेत तसे नदीचे पुरवायचे, अशी त्यामागची भावना. नव्या नवऱ्या आपलं मंगळसूत्र नव्या पिवळ्या दोऱ्यात ओवून घेतात. पाणी नसलेल्या वर्षी याच घाटावर नळाचं पाणी बादलीत आणून पूजा झालेली आहे.

चोळांनंतर पांड्य, विजयनगर, तंजावरचे नायक आणि 1675 च्या सुमारास व्यंकोजी. त्यानंतर 1855 पर्यंत, म्हणजे जवळजवळ 180 वर्षं, इथे भोसल्यांची सत्ता होती. शेवटची पन्नासेक वर्षं ती नावापुरती, कारण 1799 मध्ये कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. मराठी पुस्तकांत या काळाचं वर्णन बहुधा राजांच्या विद्वत्तेपाशी थांबतं. ती विद्वत्ता खरी आहे. तंजावरच्या शहाजीराजांनी मराठीत आणि तेलुगूत नाटकं लिहिली, तुळजाजींनी संगीतशास्त्रावर ग्रंथ लिहिला, शरफोजींनी ग्रंथालय वाढवलं. पण दरबाराला पैसा पुरवणारी व्यवस्था कोणती होती? डेल्टातल्या भाताचा राजभाग. मिरासदार जमीन धरून ठेवत, शेत प्रत्यक्ष कसत कूळ आणि पण्णैयाळ म्हणजे बांधलेले शेतमजूर, ज्यातले बहुसंख्य दलित. मराठ्यांनी ही घडी मोडली नाही. ती जशी मिळाली तशी चालवली. हे मराठी लेखकाने मराठी वाचकाला सांगितलंच पाहिजे.

आणि हीच सत्ता भाताची वाट दुसऱ्या दिशेनेही वळवत होती, हेही तितक्याच आग्रहाने सांगतो. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी छत्रं बांधली. तिथे वाटसरूला, कोणत्याही जातीचा असो, जेवण मिळे, आजाऱ्याला औषध मिळे. मुलांच्या शिक्षणाची सोय असे. ओरत्तनाडूचं मुक्ताम्बाळ छत्र त्यात सर्वांत प्रसिद्ध. कारभार गेला तरी छत्रं आपल्याकडे राहावीत म्हणून शरफोजींनी 1801 मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. राज्य गेल्याच्या दुःखापेक्षा अन्नदान थांबेल याची काळजी त्यात जास्त दिसते. पुढे संस्थान खालसा झालं, छत्रांच्या जमिनी जिल्हा बोर्डाकडे आल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिरुवैयारूला राजाच्या नावाचं संस्कृत महाविद्यालय निघालं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पक्षाचे ए. टी. पन्नीरसेल्वम जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले. छत्रांचा पैसा एका जातीच्या मुलांसाठीच का खर्च होतो, हा प्रश्न त्यांनी धसाला लावला. महाविद्यालयात तमिळचं शिक्षण सुरू झालं, छत्रांच्या वसतिगृहांचे दरवाजे ब्राह्मणेतर मुलांना उघडले. पुढच्या काळातले कितीतरी तमिळ विद्वान इथून शिकून बाहेर पडले.

त्यागराजांचं आयुष्य या पार्श्वभूमीवर ठेवून पाहावं. घरची भाषा तेलुगू, गाव तमिळ, राजा मराठी, देवळातली भाषा संस्कृत. 1781-82 मध्ये हैदर अलीच्या स्वारीने डेल्टा उजाड झाला. कालवे फुटले, गुरं हाकून नेली, माणसं पळाली, भाताचं उत्पन्न कोसळलं. तेव्हा त्यागराज चौदा-पंधरा वर्षांचे होते. शरफोजींच्या दरबाराचं बोलावणं त्यांनी नाकारलं, अशी परंपरा सांगते. ते उंछवृत्तीने राहिले, म्हणजे तंबुरा घेऊन भजन म्हणत गावातून फिरायचं आणि ओंजळीत पडेल त्या तांदळावर घर आणि शिष्य पोसायचे. दरबाराचा तांदूळ नको म्हणणारा हा माणूस गावाचा तांदूळ मात्र घेत होता. त्यांची स्वतंत्र वृत्ती जितकी त्यांची, तितकीच ती ओंजळभर तांदूळ देऊ शकणाऱ्या गावाचीही होती.

मराठीचा या संगीतावरचा खरा ठसा दरबारापेक्षा कीर्तनात आहे. रामदासी मठ तंजावर भागात होते. मोरगावकर रामचंद्रबुवांसारखे कीर्तनकार एकोणिसाव्या शतकात तिकडे गेले आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्तं तिथल्या कथाकारांनी उचलली. तंजावर कृष्ण भागवतरांनी त्यातून तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. आजही जुन्या पद्धतीच्या हरिकथेत साकी आणि दिंडी ऐकू येते.

या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण बंगलोर नागरत्नम्मा यांच्यावर आहे. त्यांचा जन्म 1878 मध्ये म्हैसूर राज्यातल्या नंजनगूडचा. देवदासी कुळातल्या, मद्रासला नावारूपाला आलेल्या गायिका, संस्कृत आणि तेलुगू जाणणाऱ्या. तंजावरच्या प्रतापसिंहांच्या दरबारातली कवयित्री मुद्दुपळनी हिचं ‘राधिका सांत्वनमु’ हे तेलुगू काव्य त्यांनी 1910 मध्ये संपूर्ण छापलं. एका बाईने शृंगार इतका मोकळेपणाने लिहावा, हे तेव्हाच्या सभ्य पुरुषांना सोसलं नाही. सरकारने बंदी घातली आणि ती स्वातंत्र्याच्या सुमारास उठली. 1921 मध्ये त्यागराजांची समाधी पडझडीला आल्याचं गुरूंच्या पत्रातून कळलं, तेव्हा नागरत्नम्मांनी स्वतःची मिळकत खर्च करून जागा मिळवली, देऊळ बांधलं, प्रतिष्ठा केली. त्या वेळी आराधनेचे दोन तट होते, मोठा पक्ष आणि छोटा पक्ष. दोन्ही पुरुषांचे, बायकांना तिथे गायला बंदी. ज्या देवळाची वीट न् वीट तिने उभी केली, त्याच्यासमोर तिने गायचं नाही! 1927 पासून त्यांनी बायकांची स्वतंत्र आराधना सुरू केली, देवदासींना जमवलं. अखेर 1940 मध्ये तिन्ही बाजू एक झाल्या आणि पुढच्या वर्षापासून पंचरत्नांचं सामूहिक गायन रूढ झालं. नागरत्नम्मा उरलेलं आयुष्य तिरुवैयारूतच राहिल्या आणि 1952 मध्ये वारल्या. समाधीसमोर हात जोडून बसलेली त्यांची मूर्ती आहे. आज आपण जो सोहळा पुरातन समजून ऐकतो, तो त्यांच्या झगड्यातून घडलेला, शंभर वर्षांच्या आतला आहे.

त्याच दशकांत शेतातही झगडा चालू होता. शेतमजुरांच्या आणि कुळांच्या चळवळीमुळे 1952 मध्ये तंजावरची कुळं आणि पण्णैयाळ यांच्या संरक्षणाचा वटहुकूम निघाला. पण मजुरीचा प्रश्न सुटला नाही. 25 डिसेंबर 1968 रोजी, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी इथे, मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या कुटुंबांतल्या 44 माणसांना, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, झोपडीत कोंडून जाळण्यात आलं. ते गाव तिरुवैयारूपासून लांब आहे. तरीही डेल्टाच्या कोणत्याही गावाबद्दल लिहिताना ती रात्र वगळली, तर त्या लिखाणाला काही किंमत उरत नाही.

मिरासदार कुटुंबं विसाव्या शतकात हळूहळू निघून गेली. मद्रास, दिल्ली, आणि आपल्याकडे माटुंगा. अग्रहारातली, म्हणजे ब्राह्मण आळीतली, घरं ओस पडली, जमिनी कुळांनी आणि मधल्या जातींनी घेतल्या. आंद्रे बेते यांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी याच परिसरातल्या एका गावात राहून हा बदल टिपला. त्यांचं पुस्तक भारतीय समाजशास्त्रात मूलभूत मानलं जातं. त्यानंतरची पिढी आखातात आणि तिरुप्पूरच्या कारखान्यांत गेली. लावणीला माणूस मिळत नाही, यंत्र भाड्याने घ्यावं लागतं. सरकारी खरेदी केंद्रावर भातातला ओलावा 17 टक्क्यांच्या वर गेला की अडचण, आणि कुरुवैची कापणी नेमकी ईशान्य मॉन्सूनच्या तोंडावर. रस्त्याच्या कडेला पसरलेलं, ताडपत्रीखाली झाकलेलं, कोंब फुटलेलं भात बघणं फार त्रासाचं आहे. 2020 मध्ये राज्य सरकारने कायदा करून डेल्टाला संरक्षित कृषी क्षेत्र ठरवलं. तेल-वायूच्या नव्या विहिरींना त्याने आळा बसला. शेती परवडेल याची हमी मात्र त्यातून मिळत नाही.

गावात अजून मूगडाळीचा, तुपाने ओथंबलेला अशोका हलवा कढईत ढवळला जातो. संगीत महाविद्यालयातून नागस्वराचे सूर सकाळी ऐकू येतात. ते वाजवणाऱ्या इसै वेळ्ळाळर कलावंतांना आराधनेच्या मंचावर आणि मानधनातही अजून योग्य जागा मिळालेली नाही. त्यांच्यावरचं प्रकरण मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. वाचकाने ते वगळू नये.

मराठी वाचकाकडे माझी एक विनंती आहे. तंजावरच्या दरबाराची मोडी कागदपत्रं शेकडो रुमालांमध्ये बांधलेली आहेत. त्यात छत्रांचे जमाखर्च, कालव्यांची दुरुस्ती, गावोगावच्या भाताचे हिशेब आहेत. राजांचे चरित्रकार ती चाळून गेले. गावांचा इतिहास लिहिण्यासाठी ती अजून पुरेशी वाचली गेलेली नाहीत. तमिळ अभ्यासकांना मोडी येत नाही आणि मोडी येणाऱ्या आपल्या मुलांना तमिळ येत नाही. ज्याला दोन्ही शिकण्याची उमेद आहे, त्याने तंजावर गाठावं. काम खूप पडलं आहे आणि कागद दर पावसाळ्यात थोडे अधिक जीर्ण होत आहेत.